झऱ्यावरची मोजणी

ज्यांना कुणाला जंगलात जाऊन प्राणी मोजण्याची हौस असेल त्यांनी खुशाल जावं. मी जाऊन आले, आणि आता पुन्हा कुणी "चला हो, छान उपक्रम आहे" म्हणत आलं तर त्याला जिन्यावरूनच परत पाठवणार आहे. हे आधीच सांगून टाकते. पाखरांची आणि वाऱ्याच्या झुळकांची वर्णनं वाचायला मिळतील म्हणून कुणी बसणार असेल, तर थोडी मिळतील. मीही त्याच आशेनं गेले होते.

पुण्यात आमचं एक निसर्गमंडळ आहे. रविवारी टेकडीवर जायचं, पाखरं बघायची, उतरताना इडली खायची, एवढाच आमचा उद्योग. मी शाळेत जीवशास्त्र शिकवते, त्यामुळे मंडळात माझ्याकडे पाखरांची नावं सांगायचं काम असतं. अध्यक्ष सबनीस. बँकेतून निवृत्त झालेले, गळ्यात दुर्बीण, डोक्याला खाकी टोपी, आणि बोलणं असं की हिमालय यांनीच उभा केलाय. शिकारबंदीचा कायदा येऊन तेव्हा थोडी वर्षं झाली होती. बुलढाणा जिल्ह्यातल्या एका राखीव जंगलात मे महिन्यात पाणवठ्यावर दिवसभर बसून जनावरं मोजायची आहेत, बाहेरच्या नागरिकांनी यावं, असं तिथल्या रेंजरनी कळवलं. सबनीस दुसऱ्या दिवशी नवीन बूट घेऊन आले. खोटं कशाला बोलू, मीही घेतले.

मलकापूर

मनमाडला गाडी बदलून मलकापूरला उतरलो तेव्हा सकाळच होती, पण ऊन कसलं! आमच्याकडे दुपारी बाराला असतं तसं. स्टेशनबाहेर सरकीचा वास भरून राहिलेला. चहाच्या दुकानात शिरलो. पुण्यात चहा मागितला की आधी 'किती?' विचारतात, इथं न विचारता पुढे आला, आणि इतका गोड की चमचा उभा राहावा. दुकानदारानं आमच्या दुर्बिणी, टोप्या, बूट सगळं नीट न्याहाळलं.

"कुठीसा चालले, बाई?"

"जंगलात. प्राणी मोजायला."

"काऊन? चोरीले गेले का?"

मला हसू आवरेना. सबनीसांनी मात्र त्याला प्राणिगणनेचं शास्त्रीय महत्त्व समजावून सांगायला घेतलं. तो बिचारा "हाव, हाव" करत ऐकत राहिला आणि आमची एस.टी. जवळजवळ सुटली. धावत चढताना माझ्या नव्या बुटानं टाच सोलून निघाली, ती पुढचे सगळे दिवस ठणकत होती.

राजूर घाट चढून बुलढाण्याला पोचलं की हवा एकदम हलकी होते. डोंगर मात्र पार बोडके, सागाला पान नाही. रेस्टहाऊसवर रेंजर भेटला. साताऱ्याकडचा तरुण मुलगा, बोलायला सरळ. त्यानं काय ठरायचं आहे ते एका दमात सांगितलं. जंगलाच्या त्या अंगाला उन्हाळ्यात पाणी राहतं ते एकाच झऱ्याला. काठावर एक वाडी आहे. वाडीच्या विहिरीला चैत्रातच तळ लागतो, म्हणून बायका झऱ्यावर पाणी भरतात, शेळ्या-गुरं तिथंच पितात.

"जंगली जनावर तिथं भरपूर येत असेल, तर झरा जनावरासाठी राखायचा. माणसांना आणि गुरांना बंद. फारसं येत नसेल, तर आहे तसंच चालू द्यायचं," तो म्हणाला. "आमच्या गार्डांनी मोजलं तर लोक म्हणतात, पदरचं लिहिलं. म्हणून तुम्हाला बोलावलं."

"वाडीतल्या लोकांना हे माहीत आहे ना?" मी विचारलं.

"सांगितलंय की. झऱ्याचं काय ते मोजणीवर ठरणार म्हणून."

एवढंच सांगितलं होतं त्यानं. मोजणीवर ठरणार. आता वाटतं, मी तेव्हाच खोदून विचारायला हवं होतं, पण मला वाटलं, सरकारी माणूस आहे, नीट सांगितलं असेल.

वाडी

वाडीचं नाव मुद्दामच देत नाही. दिलं तर आणखी एखादं मंडळ जाऊन धडकेल.

जीप थांबल्यावर सगळी वाडी पुढे आली. पंधरावीस घरं, मातीची, शेणानं लख्ख सारवलेली. मला आणि सबनीसांना किसनभाऊ इंगळे यांच्याकडे उतरवलं होतं. घरात भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली निळ्या कापडाचा पडदा, आणि दाराशी पाण्यानं भरलेले तीन हंडे. किसनभाऊंची बायको गयाबाई माझी टाच बघून म्हणाली, "अवो माय! हे काय करून घेतलं?" आणि मी नको नको म्हणेपर्यंत तिनं तेल-हळद गरम करून लावलीसुद्धा. माझ्याच वयाची असेल. आमच्याकडे पाहुण्याला आधी 'जेवून आलात का?' विचारायची पद्धत आहे. इथं विचारत बिचारत नाहीत.

जेवायला रोडगे होते. गव्हाचे जाड गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले, फोडायचे, वर वरण ओतायचं आणि बाजूला वांग्याची भाजी. तिखट म्हणजे काय! माझ्या डोळ्यांतून धारा लागल्या, तरी हात थांबेना. सबनीसांनी स्वतःच्या फ्लास्कमधलं पाणी घेतलं आणि प्रकृतीचं कारण सांगितलं. गयाबाईनं ते बघितलं आणि त्यांच्यापुढचा भरलेला पेला उचलून नेला.

किसनभाऊ उंच, शेलाटे, मिशीला पीळ. आणि बढाईखोर म्हणजे किती! जेवणं झाल्यावर जे सुरू झाले ते थांबायलाच तयार नाहीत. शिकार बंद व्हायच्या आधी या जंगलात जेवढे साहेब बंदुका घेऊन आले तेवढ्या सगळ्यांचा हाका म्हणे यांनीच केला. हाका म्हणजे रान उठवून जनावर बंदुकीसमोर नेऊन सोडायचं.

"बंदूक त्याईची, पन जनावर आमचं," ते मांडीवर थाप मारून म्हणाले. "सायेब मचानावर झोपा काढे. म्या त्याच्या नाकापुढं रोही उभा करो. सायेब खुश झाला का चराईच्या परवान्यावर लगेच सही. आमच्या बापाच्या टायमापासून असंच चालत आलं."

"आता बंद झालं ते," सबनीस म्हणाले.

"हाव ना. आता तुमी लोक नुसतंच पाह्यता. चांगलं हाये, जीव वाचते बिचाऱ्याचा."

रात्री निजायच्या आधी गयाबाई माझ्या अंथरुणाशी तांब्या ठेवायला आली. म्हणाली, "तुमच्या मोजनीवर आमचं पानी हाये म्हन्ते. आमच्याकून काई कमी पडनार नाई, बाई. आमच्या घरच्यानं समद्याईले सांगून ठेवलं हाये."

मी समजले की ती उद्याच्या डब्याबद्दल बोलतेय. "अहो, कशाला एवढं?" म्हटलं आणि झोपले.

झऱ्यावर

झरा खडकाच्या पोटातून निघतो आणि खाली उतरत दोन डबक्यांत साठतो. म्हणून आमच्या तीन तुकड्या केल्या. वर झऱ्याशी मी आणि सबनीस, खालच्या दोन डबक्यांशी मंडळातले बाकीचे. पळसाच्या डहाळ्यांचे आडोसे वाडीतल्या पोरांनी आदल्या दिवशीच करून ठेवले होते. हलायचं नाही, बोलायचं नाही, दिसेल ते लिहायचं. वाडीला त्या दिवसापुरती झऱ्यावर यायला मनाई होती.

उजाडताना तिथं बसणं म्हणजे खरोखर सुख होतं. हे मी रागाच्या भरातही नाकारणार नाही. आधी बुलबुल आले, मग होले, मग एक स्वर्गीय नर्तक येऊन आपली पांढरी शेपटी पाण्यावर ओढत गेला. मोरांनी ओरडून ओरडून रान डोक्यावर घेतलं. खडक तापायला लागला तशी पाखरं कमी झाली. असंच होतं, ऊन चढलं की सगळं सावलीला जाऊन बसतं. मी मनात म्हटलं, आता संध्याकाळपर्यंत काही नाही.

आणि नेमकं तेव्हाच यायला लागलं की हो!

आधी भेकर, एकटं. मग रानडुकरांचा कळप, पिल्लांसकट. मग रोही, म्हणजे नीलगाई. पुढे एक मोठा नर, त्याचं डावं शिंग मोडलेलं. सबनीस पानामागून पान भरत सुटले. लांब रानात टक, टक, टक, मध्ये थांबून पुन्हा टक, टक असा आवाज चालला होता. सबनीसांनी कानाला हात लावून ऐकलं, माझ्याकडे बघून दोन बोटं नाचवली आणि लिहिलं: सुतारपक्षी.

मला मात्र चैन पडेना. जनावर पाण्यावर येतं तेव्हा त्याचं लक्ष पाण्याकडे असतं. कान फिरवतं, वास घेतं, घाबरत घाबरत का होईना, पण पितं. यातलं एकही पीत नव्हतं. भर उन्हात येत होतं, कान मागे, मान मागे वळवून बघत होतं, आणि पाण्याला तोंड न लावता उताराला लागून खाली निघून जात होतं. मी सबनीसांना खूण करून दाखवलं. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

दुपारी डबे उघडायला सगळे वरच्या झाडाखाली जमलो. रेंजरही आला. जो तो आनंदानं नुसता फुलून गेलेला. मधल्या डबक्यावरचे म्हणाले, "आम्हाला मोडक्या शिंगाचा रोही दिसला!" खालचे म्हणाले, "आम्हालापण!"

"अहो, मग तो एकच आहे," मी म्हटलं. "सगळ्यांनी तोच मोजलाय. आणि त्याच्याबरोबरची सगळीच."

"मोडक्या शिंगाचे तीन असतील," सबनीस म्हणाले.

कर्म माझं! मी डबा तसाच ठेवला आणि त्या टकटकीच्या दिशेनं वर चढून गेले. टाच दुखत होती, रागानं ते जाणवलंही नाही.

वरच्या रानात

चढ संपतो तिथं वाडीतले सगळे बाप्ये सावलीला बसले होते. प्रत्येकाजवळ कुऱ्हाडीचा नुसता दांडा. मधोमध किसनभाऊ, पागोट्यानं वारा घेत. मला बघून उठलेच.

"काऊन बाई, दिसलं ना मनासारखं?" तोंडभर हसू. "मुका हाका केला आज. आरडाओरड नाई, डबे वाजवनं नाई. नुसतं खोडावर दांडा वाजवत यायचं, दमानं. जनावर पयत नाई, चालत येते. तुमाले नीट मोजता यावं म्हून."

मी जवळचा एक दांडा उचलून खोडावर वाजवून बघितला: टक, टक, तोच आवाज.

"अहो किसनभाऊ, हे कुणी सांगितलं तुम्हाला करायला?"

"सांगाले कायले पायजे? सायेब लोकाईले जनावर दिसलं म्हंजे सायेब खुश. खुश झाले म्हंजे झरा आमचाच."

मग मी सांगितलं. कसं सांगितलं ते आठवत नाही, पण ओरडूनच सांगितलं असणार. जितकी जास्त दिसतील तितका झरा बंद व्हायचा आहे. कमी दिसली असती तर तुमचा राहिला असता. आज काहीच करायचं नव्हतं हो तुम्ही, घरी झोपून राहायचं होतं!

मागचा एक जण म्हणाला, "बाई काई बी सांगून राह्यली बे." किसनभाऊंनी त्याला हातानंच गप्प केलं.

"असं कसं बाई?" ते हळूच म्हणाले. "जनावर दाखवलं म्हून पानी बंद?"

त्यांनी पागोटं डोक्याला गुंडाळलं आणि माझ्याआधी उतार उतरायला लागले.

झाडाखाली

वाडीतून गयाबाई ताकाची चरवी घेऊन नुकतीच आली होती. किसनभाऊ तिच्याकडे न बघता सरळ रेंजरपुढे जाऊन उभे राहिले.

"सायेब, जनावर आपोआप नाई आलं. आमी आनलं. हाका केला."

रेंजरनं डबा खाली ठेवला. इकडेतिकडे बघून आवाज उतरवला. "हे पुन्हा म्हणू नका, किसनभाऊ. हाका म्हणजे जनावराला त्रास देणं, शिकारीचा प्रकार. तुम्ही माझ्यासमोर कबूल केलंत तर मला केस करावी लागेल. तुमच्यावर, त्या सगळ्यांवर. आणि केस झाली की वाडीपासून जनावराला धोका आहे असंच होणार. झरा मग काय, बंदच."

"म्हणजे बोललं तरी बंद, नाही बोललं तरी बंद?" मी म्हटलं. "मग मोजणीच रद्द करा ना!"

"कारण काय लिहू, बाई?"

"ऊन लागलं लिहा. माणसं आजारी पडली लिहा. मी पडते आत्ता इथं आडवी!"

तो मुलगा खरंच विचारात पडला. मग म्हणाला, "मोजणारे तुम्ही आहात. मंडळानं सांगितलं की आजची मोजणी धरू नका, तर मी धरणार नाही. पुढच्या उन्हाळ्यात बघू."

तेव्हा गयाबाईला काय चाललंय ते समजलं. चरवी तिच्या हातातच होती. तिनं मला नाही, सबनीसांना विचारलं, "दादा, तेवढं सांगा ना मंग. नका धरू म्हना. तुमच्या तोंडात हाये."

मी आमच्या सगळ्यांकडे बघितलं. शाळेतले, बँकेतले, पोस्टातले. टेकडीवर मुंगीवर पाय पडू नये म्हणून बघून चालणारी माणसं. एक जण बुटाची नाडी बांधायला लागला. एकीनं दुर्बीण पुसायला घेतली. सबनीस टोपी काढून म्हणाले, "भावना मी समजू शकतो. पण स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं नाकारायचं? ही शास्त्राशी प्रतारणा होईल. आणि इतकं समृद्ध वन्यजीवन असेल तर ते राखलं जाणं हे तर चांगलंच आहे ना!"

"सुतारपक्षी लिहिलाय तुम्ही, सबनीस! दांड्याला सुतारपक्षी! आणि शास्त्र शिकवता मला?"

"बाई, तुम्हाला सही करायची नसेल तर करू नका. आम्ही बाकीचे पुरे आहोत."

मी केली नाही. त्यानं काडीचाही फरक पडला नाही.

रेंजरनं मग सगळ्यांदेखत, रीतसर विचारलं, "किसनभाऊ, आज जंगलात हाका झाला का?"

आदल्या रात्री बापापासूनची बढाई सांगणारा तो माणूस. त्यांनी हातातला दांडा मागे धरला आणि खाली बघत म्हणाले, "नाई सायेब. आमाले काई मालूम नाई. जनावर आलं असन आपलं आपोआप."

गयाबाईनं तोपर्यंत आमचे पेले भरायला घेतले होते. आमच्यातले सगळे ते ताक प्यायले, आणि छान झालंय असंही म्हणाले.

निघताना

संध्याकाळी सबनीसांनी वाडीचे आभार मानले, भाषण केलं, किसनभाऊंना नारळ दिला. त्यांनी तो घेतला. सकाळी आमची जीप निघायच्या आधी बायका नेहमीसारख्या हंडे घेऊन झऱ्याकडे गेल्या आणि रिकामे हंडे घेऊन परत आल्या. हुकूम निघेपर्यंतसुद्धा कुणाला सोडायचं नाही म्हणून तिथं गार्ड बसला होता. आता खालच्या गावाच्या विहिरीवरून आणायचं, असं त्या आपसात बोलत होत्या. ते गाव आम्हाला येताना लागलं होतं, जीपलाही बराच वेळ लागला होता तिथून. आणि त्या विहिरीवर या वाडीच्या बायकांना कसं भरू देतील, यावर त्यांचं हलक्या आवाजात काहीतरी चाललं होतं, ते मला बघून थांबलं.

मी गयाबाईचा निरोप घ्यायला गेले. दाराशी तीन हंडे, दोन पालथे. तिसऱ्यातून तिनं तांब्या भरला आणि माझ्यापुढे धरला.

"घ्या. उन्हाचं जाऊन राह्यले, पिऊन घ्या."

"नको, नको," मी म्हटलं. "खरंच नको मला."

तिचा हात तसाच राहिला आणि चेहरा एकदम मिटला. आणि माझ्या लक्षात आलं, तिला काय वाटलं ते. आमच्या घरचं पाणी बाईला चालत नाही, एवढंच तिला दिसलं. तिनं आयुष्यात अशी 'नको' किती ऐकली असतील! मला म्हणायचं होतं, अगं, तुझं शेवटचं पाणी मी कसं पिऊ? पण ते सांगणं म्हणजे ते शेवटचं आहे हे तिच्या तोंडावर म्हणणं. मी तांब्या ओढून घेतला आणि उभ्यानं सगळा प्यायले. पदरावर सांडलं, तरी थांबले नाही.

तिनं रिकामा तांब्या परत घेतला, आत नेऊन ठेवला नाही, हातातच धरून उभी राहिली. मग अगदी घरच्या माणसाशी बोलावं तसं म्हणाली,

"बाई, तुमी लोक आलेच नसते तं बरं झालं असतं."

मी "हो" म्हटलं आणि जीपमध्ये जाऊन बसले.